झुंबर हवालदाराची परवानगी

नांदेड,
दि. ३ जानेवारी २००५

ती. अमरसिंगकाकांना,
निलमचा सा. न. वि. वि.

ताजी बातमी अशी की, माझ्या नावानं रजिस्टर पोस्टानं नोटीस आली आहे. ती खरी असल्याचं आमच्या प्रोजेक्टच्या हरीश सरांनी दोनदा वाचून सांगितलं.

शेवटच्या वर्षासाठी मी कॉम्प्युटरवरचा गेम करते आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला नायक मात्र माझा नाही. लहानपणी तुम्ही हिंगोलीहून दर पंधरवड्याला 'टिपरी'चा अंक आणायचात, त्यातल्या चित्रकथेचे झुंबर हवालदार मी घेतले. त्याच मिशा, तीच कुरकुरणारी सायकल. चोर त्यांना कधीच सापडायचा नाही, शेवटी दया येऊन तोच चौकीत हजर व्हायचा. कौतुकापोटी मी गेमच्या तीसेक सीड्या करून मैत्रिणींना फुकट वाटल्या. त्यातली एक फिरत फिरत वारंगा फाट्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पोहोचली. तिथं एसटीची वाट बघत चहा पिणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना पडद्यावर आपला हवालदार पळताना दिसला. ते स्वतः झुंबरचे चित्रकार उत्तमराव! रिटायर ड्रॉइंग मास्तर, राहणार पुसेगाव. ते आपल्या शेजारच्याच गावी राहतात हे मला माहीत असतं, तर आधी पाया पडून आले असते.

नोटिशीत एकच प्रश्न आहे, तू कुणाला विचारलंस. सर म्हणतात, विकलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही, आणि आवडतं म्हणून घेतलं हेही कॉपीराइटपुढं चालत नाही. लेखी परवानगी ३१ जानेवारीपर्यंत जोडली नाही, तर प्रोजेक्ट घेणार नाहीत. म्हणजे माझं वर्ष गेलं.

तुम्ही तीस वर्षं हिंगोलीच्या कोर्टात बेलिफ होतात, लोकांच्या हाती समन्स दिलेत. आता एक नोटीस परतवायला मदत करा. तांड्यावरून पुसेगाव सायकलनं अर्ध्या तासाचं आहे. तुम्ही भेटाल का?

तुमचा लोभ नोटीस आल्यावरही कमी होऊ नये, ही विनंती.
आपली,
निलम


तांडा, ता. सेनगाव,
दि. ८ जानेवारी २००५

चि. निलम हिला काकाचे अनेक आशीर्वाद.

काम झालं. काल शुक्रवारी पुसेगावला जाऊन आलो.

मला बघताच उत्तमरावांनी दार लावून घेतलं. बांधाच्या भांडणात मीच त्यांना एकदा समन्स दिलं होतं. मी रिटायर झालो, पिशवीत कागद नाही, असं खिडकीतून सांगितलं, तेव्हा कुठं दार उघडलं. त्यांच्या पत्नी शालूबाईंनी चहा ठेवला.

त्यांची तक्रार वेगळीच निघाली. तू झुंबरच्या हातात काठी दिलीस आणि तो चोराला बदडतो, हे त्यांना सहन झालं नाही. फाट्यावरून आल्यापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही, असं शालूबाई म्हणाल्या. मास्तर मला म्हणाले, "बावीस वर्षं काढला मी झुंबर. कुणाला काठी मारली न्हाई त्यानं. काहून मारायला लावलं पोरीनं?" शिवाय मिशा वर वळायला हव्यात, तू खाली वळवल्यास. दोन्ही दुरुस्त होईल, असा शब्द मी देऊन आलो.

मग आपल्या रीतीप्रमाणं पिशवीतला गूळ काढला. पंच म्हणून शालूबाई आणि शेजारचे कोंडीबा बसले. मी म्हणालो, मास्तर, तुमच्या हवालदाराचं आणि आमच्या पोरीचं एकदा ठरवून टाकू. त्यांनी आनंदानं गूळ खाल्ला. शालूबाई डोळे वटारत असताना दुसरा खडाही उचलला. पंचांपुढं गूळ खाल्ला की माणूस फिरत नाही.

कागद मागितला नाही. कागद मी तीस वर्षं दारांना चिकटवले, कागदामुळं शब्द पाळणारा माणूस मला तरी भेटला नाही.

अभ्यास कर. आमची आठवण परीक्षेनंतर काढलीस तरी चालेल.
तुझा काका,
अमरसिंग


नांदेड,
दि. १२ जानेवारी २००५

ती. काकांना सा. न. वि. वि.

काल होस्टेलवर याडीचा फोन आला. पुसेगावच्या झुंबर नावाच्या हवालदाराशी आपल्या लेकीचं, म्हणजे माझं, लग्न ठरल्याचं तिला समजलं आहे. बातमी तांड्यावरच्या रूपाबाईनं आणली आणि बाजारात कोंडीबांनी ती पक्की केली. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी गूळ खाताना पाहिलं, म्हणे. काका, आपल्या माणसांत पंचांपुढं गूळ सोयरीक ठरली की खातात, हे तुम्हाला मी सांगायचं का? असा कुणी माणूसच नाही, असं मी याडीला पाच मिनिटं सांगत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोरगा पोलिसात पर्मनंट आहे का.

हरीश सर म्हणतात, गूळ फायलीला टाचता येत नाही. एक कागद हवाच, त्याचा मजकूर लिहून सोबत जोडलाय. झुंबर फक्त या प्रोजेक्टापुरता वापरायचा, विकायचा नाही, पहिल्याच पडद्यावर उत्तमरावांचं नाव. आणि मुख्य म्हणजे हक्क त्यांच्याकडेच आहेत का? 'टिपरी'च्या मालकांना ते देऊन बसले असतील, तर त्यांच्या सहीचा उपयोग नाही.

काठी काढली. आता झुंबर चोरापर्यंत पोहोचतो, त्याला धाप लागते आणि चोरच त्याला पाणी देतो. कबूल करायला जड जातं, पण गेम आधीपेक्षा चांगला झालाय.

सही नाहीच मिळाली तर दुसरी तयारी ठेवली आहे. नायक नवा, चित्रं सगळी माझी. कोर्टाचा एक बेलिफ सायकलवर समन्स घेऊन निघतो. तो दिसला की दारं लागतात, कुत्री मागं लागतात. कुणी दार उघडून चहा दिला की तो जिंकतो. तीन चित्रं सोबत पाठवते. तो कुणासारखा दिसला तर रागावू नका.

रागावलात तरी पत्र लिहायचं थांबवू नका.
आपली,
निलम


तांडा, ता. सेनगाव,
दि. १७ जानेवारी २००५

चि. निलम हिला आशीर्वाद.

उत्तमरावांनी सही केली, हे आधी सांगतो. शालूबाई साक्षीला आहेत.

काल कागद आणि तुझी चित्रं घेऊन गेलो, तर कोंडीबाचं ऐकून मास्तर लग्नाचा नारळ काढून बसलेले. झुंबर नावाचा कुणी खराच पोरगा असेल, आणि तोही हवालदारच निघाला हा केवढा योग, असं त्यांना वाटत होतं. कोंडीबाला समजवायला अर्धा तास गेला, आणि त्याला अजून बराबर समजलेलं नाही.

मग मास्तरांनी ट्रंक उघडली. 'टिपरी'च्या मालकाचं जुनं पत्र निघालं. चित्रं एकदा छापण्यापुरती घेतली, बाकी सारे हक्क चित्रकाराचे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. झुंबर त्यांचाच आहे. कागदानं माझ्यासमोर पहिल्यांदा कुणाचं भलं केलं, हे मान्य करतो.

तुझी तीन चित्रं मात्र ते बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "झुंबर घे म्हणावं, माझी ना न्हाई. पण हा बेलिफ जास्त जिता आहे. घरात असा माणूस असून पोरगी माझ्या दारात काहून आली?"

तेव्हा कोणता गेम द्यायचा ते तू ठरव. पण बेलिफ घेणार असशील तर माझ्या दोन हरकती आहेत. वारंगा फाट्यावर मी, तू चित्रात काढलंस तसा, कुत्र्याला भिऊन पळालो नव्हतो, टोपी आणायला परत फिरलो होतो. आणि माझं पोट एवढं कधीच नव्हतं. तिसरी गोष्ट, तू कुणाला विचारलंस?

रविवारी तेवीस तारखेला तांड्यावर ये. उत्तमराव आणि शालूबाई दहाच्या एसटीनं सहीचा कागद स्वतः तुझ्या हाती द्यायला येतील, कोंडीबा पंच म्हणून बसेल. गूळ मी आणतो. माझ्या परवानगीचा कागद तू लिहून आण. आधी खाईन, मग वाचीन, मग सही.

तुझ्या याडीनं, मीरावहिनीनं, पाहुण्यांसाठी घर सारवलंय. हवालदार रद्द झाला आणि आता बेलिफ आला, एवढं तिला कळलंय. तो पर्मनंट होता का, असं तिनं मलाच विचारलं. होता, म्हणालो. पुढचं रविवारी तू सांग.

येताना लोभ सोबत आण, इथला कमी पडायचा नाही.
तुझा काका,
अमरसिंग