मोतीचं लंघन

तीर्थरूप आप्पा,

साष्टांग नमस्कार. लिहायची रीत आहे म्हणून लिहिला. मनात मात्र तुमच्याशी कडाकडा भांडायचं आहे.

आज तुमचं वर्षश्राद्ध. पानावर वडे, खीर, भाज्या, सगळं साग्रसंगीत वाढलं. दादा हात जोडून म्हणाला, "आप्पा, जेवा." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला! जिवंत होतात तेव्हा वाटीभर पेज घशाखाली उतरू दिली नाहीत, आणि आता खीर वाढतोय आम्ही!

त्यात सकाळपासून आपला मोती ससा खात नाहीये. हरळीची जुडी समोर तशीच पडली आहे. अंग आक्रसून कोपऱ्यात बसलाय, दात करकर वाजवतोय. दादानं डोकावून पाहिलं आणि अगदी तुमच्या आवाजात फर्मावलं, "अजीर्ण झालंय. दोन दिवस लंघन दे." म्हणून हे पत्र. दादाशी भांडून काय उपयोग? मूळ तुम्ही.

ही सशांची जोडी घरात कशी आली, आठवतं का? कल्याण स्टेशनातला गोरा साहेब बदली होऊन निघाला. त्याच्या खानसाम्याचा खोकला तुम्ही बरा केला होतात, म्हणून त्यानं दोन पांढरे ससे करंडीत घालून ठाण्याला आपल्या ओटीवर आणून ठेवले. आई नको नको म्हणत होती. तुम्ही म्हणालात, "राहू दे गं, गंगूचं मन रमेल." मी तेव्हा नुकतीच पांढऱ्या कपाळानं सासरहून परत आले होते. आप्पा, त्या एका वाक्यासाठी मी तुमचे शंभर गुन्हे माफ केले असते!

जोडीतली चांदी आधी आजारी पडली तेव्हा तुम्ही तिची नाडी पाहिलीत. सशाची नाडी! "लंघन," म्हणालात. माणसाला उपाशी ठेवून ताप उतरतो, मग सशाचं पोट का नाही ताळ्यावर येणार? मी मुकाट्यानं पाला उचलून घेतला. तिच्या लेंड्या बंद झाल्या, पोट टणक झालं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चांदी ताठ. तुम्ही म्हणालात, "आयुष्य सरलं होतं तिचं." काय हो, सरवलं कुणी?

महिन्याभरात मोतीला तोच आजार जडला. तुम्ही तेच सांगितलंत. या वेळी मी ऐकलं नाही. हरळी आणि मुळ्याचा पाला पाट्यावर वाटला, पेजेच्या निवळीत कालवून फडक्यातून गाळला. आम्ही तान्ही असताना ज्यातून दूध प्यायलो, ते बोंडलं माळ्यावरून काढलं आणि त्याच्या गालात थेंब थेंब सोडत राहिले. गोठ्यात बसून, चोरून. पोट हलक्या हातानं चोळलं. तिसऱ्या दिवशी लेंड्या पडल्या. ओंजळीत घेऊन नाचावंसं वाटलं मला!

आणि तुम्ही? ओटीवर येणाऱ्या प्रत्येक रोग्याला सांगत सुटलात, "लंघनानं मुकं जनावरसुद्धा बरं होतं." मी दाराआड गप्प उभी. माझी चूक तीच. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर!

मग गेल्या वर्षी तुम्हाला ताप आला. स्वतःच स्वतःचे वैद्य! चौथ्या दिवशी ताप उतरला, तरी जिभेवर अजून पांढरा थर आहे म्हणून अडून बसलात. मी पेज घेऊन आले की, "वैद्य कोण? तू की मी?" आठव्या दिवशी मी रडत सांगून टाकलं, "आप्पा, मोती लंघनानं नाही जगला. मी चारलं त्याला." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "ठाऊक आहे. बोंडल्याला हरळीचा वास येत होता."

ठाऊक होतं! आणि तरी ओठ मिटून पडून राहिलात? मला चोरून चारू दिलंत, मोतीला जगू दिलंत, आणि स्वतः मात्र वैद्यपणाच्या ताठ्यापायी गेलात. कुणासाठी हो? आम्हाला तुम्ही हवे होतात, आप्पा. तुमचा शब्द खरा ठरला काय नि खोटा ठरला काय!

हे लिहिता लिहिता चारदा उठले. आज गोठ्यात नाही, भर ओटीवर मोतीला मांडीवर घेतलं आणि बोंडलं लावलं. दादा ओरडला, "आप्पांचा शब्द मोडतेस? तोही आज?" मी म्हटलं, "आप्पांना ठाऊक होतं," आणि सगळं सांगितलं. तो परसात गेला आणि कोवळी हरळी खुडून घेऊन आला.

तुमची औषधांची वही माझ्यापाशी आहे. ती वाचता यावी म्हणून तुम्हीच मला अक्षरं शिकवलीत, तेव्हा आता भोगा! लंघनाच्या पानावर मी आज लिहिलंय, "सशाला कधीही उपाशी ठेवू नये. ताप उतरल्यावर माणसालाही." आणि वचन देते, आप्पा, यापुढे मी कुणालाही चोरून चारणार नाही. सर्वांदेखत चारीन.

आत्ताच मोतीनं मांडीवर दोन लेंड्या टाकल्या. लुगडं खराब झालं. होऊ दे.

तुमची, अजून रागावलेली,
गंगू