धाकट्याच्या गाडीचे कापलेले गुण

मी, वय चौऱ्याहत्तर, धंदा गाड्यांच्या सीटा शिवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवत आहे. पुढच्या आठवड्यात माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको. मला काळजी ऑपरेशनची नाहीच, दोन मुलांची आहे. याआधी काही लिहिले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर धाकट्याला. तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, थोरल्याचे स्वतःचे घर आहे. बँकेतली शिल्लक दवाखान्याचा खर्च वजा जाता दोघांत निम्मी निम्मी.

कलम २. शिलाई मशीन, दाभणे, कात्र्या आणि उरलेले चामडे थोरल्या सुनेला. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ पडतो. हे तिला तोंडावर सांगितले नाही, डोक्यावर बसली असती.

कलम ३. नणंदेला बाहेरच्या खोलीतला सोफा. "बाईमाणसाने गाडीत डोके घालून बसावे का?" असे ती त्याच सोफ्यावर रेलून म्हणाली होती. तो सोफाही मीच शिवलेला आहे. न्यायला टेम्पो तिनेच आणावा.

कलम ४. ह्यांची हिरवी गाडी. इथे जरा सविस्तर लिहावे लागेल.

हे गेल्यावर धाकट्याने दोन वर्षे खपून ती गाडी पुन्हा उभी केली. सीटा मी शिवल्या. त्याच चामड्यातून, त्याच टाक्याने मी आमच्या डॉक्टरांच्या जुन्या गाडीच्याही सीटा शिवल्या. दोन्ही गाड्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उतरल्या आणि मुख्य परीक्षक होता थोरला. डॉक्टरांच्या सीटांना त्याने पूर्ण गुण दिले, कारागिरी उत्तम म्हणून. आमच्या सीटांचे गुण कापले, मूळच्या नाहीत म्हणून. पहिला नंबर डॉक्टरांचा आला. धाकट्याने नुकतेच गॅरेज टाकले होते, त्या नंबरावर त्याला गिऱ्हाईक मिळणार होते.

घरी आल्यावर धाकट्याने विचारले, "दादा, सीटा एकाच हातच्या आहेत. त्यांना चालतं ते मला का नाही?"

"तू माझा भाऊ आहेस म्हणून. पूर्ण गुण दिले असते तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं."

"म्हणजे मी परका असतो तर जिंकलो असतो."

जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे. आमच्या घरात नेमके उलटे झाले. मी थोरल्याला तिथेच सुनावले की भाऊ बघून तुझ्या तराजूचा काटा हलत असेल तर परीक्षक होऊ नकोस. पण तोवर धाकटा निघून गेला होता. चार वर्षे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. मला भेटायला येतात तेव्हा एक जिन्यात थांबतो, दुसरा गेला की वर येतो. बघून माझा जीव तुटतो.

तर गाडी धाकट्याला. पण किल्ली डॉक्टरांकडे राहील. थोरल्याने धाकट्यासमोर गाडी पुन्हा तपासावी, गुण तोंडाने सांगावेत आणि मग किल्ली भावाच्या हातात द्यावी. परक्याला दिले असते तेवढेच गुण. एक कमी नको आणि आई गेली म्हणून एक जास्तही नको. वकील म्हणाले, "काकू, ही अट कोर्टात टिकायची नाही." म्हटले, मुलांपुढे टिकली तरी पुष्कळ झाले.

कलम ५. एवढे झाल्यावर वकिलांनी सगळे वाचून दाखवले आणि मी कागद पुन्हा हातात घेतला. थोरल्या, घर त्याला, गाडी त्याला, आणि तुला निम्मी शिल्लक नि वर एक काम. तू समजूतदार, तू रुसणार नाहीस, असे धरून मी तुझेच कापत गेले. तू भावाशी केलेस तेच. बदलून लिहावे म्हणून बसले होते, पण धाकट्याला घर नाही हे खरेच आहे आणि मला दुसरी वाटणी सुचत नाही. तुला वाईट वाटेल. वाटले तर बायकोजवळ कुढू नकोस, वकिलाकडे जाऊ नकोस. उठून धाकट्याकडे जा आणि सांग की आईने माझे गुण कापले. ते कसे लागते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

वरचे सर्व मी ऐकले, ते माझ्याच मनातले आहे आणि खालची सही माझ्याच हातची आहे.

सही: (सीटवाल्या बाई)

साक्षीदार:
१. आमचे डॉक्टर. बाई शुद्धीत असल्याची खात्री त्यांनीच केली.
२. शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्या बाई.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १२ मार्च २०२४