खिडकीजवळचा ठिपका

आईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. खोली उबदार आहे, खोकलाही गेला, तेव्हा उगाच जीव टांगणीला लावून बसू नकोस. बाबांचे गुडघे कसे आहेत?

तू विचारलंस, माणसांच्या वंशांचा अभ्यास म्हणजे तिथे करता तरी काय? ऐक. बाईंनी आठवडाभर कॅन्टीनमध्ये कोण कुणाबरोबर जेवतं ते बघून नकाशा काढायला सांगितला. गोरे कुठे, काळे कुठे, परदेशी कुठे, कोण कुणात मिसळतं. मी सगळी टेबलं नीट काढली, एका माणसाला एक ठिपका. शाबासकीही मिळाली.

मग एका मुलीचा नकाशा भिंतीवर लावला. त्यात खिडकीजवळ एकच ठिपका होता. "इथली मुलगी रोज एकटीच जेवते," ती म्हणाली. वर्गात त्यावर बरीच चर्चा झाली. ती मुलगी मीच. माझ्या नकाशात मी स्वतःला काढायलाच विसरले होते. पण खिडकीजवळ ऊन छान येतं गं.

खोलीवर येऊन मी आपल्या घराचा नकाशा काढला. बाबा, काका, दादा आणि मी एका ओळीत जेवतोय. तू ओट्यापाशी, सगळ्यांचं उरकल्यावर, एकटी.

उद्या मी कुणाच्या तरी टेबलाशी जाऊन "इथे बसू का?" म्हणून विचारणार आहे. आतापासूनच वाक्य घोकतेय. पत्र मिळेल त्या दिवशी तूही ताट घेऊन बाहेर ये. दादाला म्हणावं, जरा सरकून बस.

तुझी,
धाकटी