एक दाणाही साखर न घालता

६ ऑक्टोबर
दादाने आज पैज लावली. बाबांच्या मागे मधमाश्यांच्या दोन पेट्या उरल्या, अंगणात शेजारी शेजारी. डावी माझी, उजवी त्याची. ज्याच्या माश्या हिवाळा काढतील, त्याच्या दोन्ही पेट्या. ठरलं आईसमोरच.

दादा म्हणजे रविवारचा पाहुणा. माश्या घेऊन करणार काय, तर नव्या बंगल्याच्या हिरवळीवर ठेवणार, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला! बाबांबरोबर धूर धरायला मी, डंख खायला मी, आणि मिरवायला हा. पेट्या गेल्या तर या घरात बाबांचं दुसरं काय उरतं? चष्मा.

८ ऑक्टोबर
फुलं संपत आली. आता माश्यांना वरून काय द्यायचं? जितकी तोंडं तितकी पथ्यं. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "गूळ दे, त्यात लोह असतं." मास्तरांना सगळ्यातच लोह दिसतं. बाबा सांगायचे, गुळाने माश्यांना हगवण लागते, आणि थंडीत बाहेर पडता येत नाही म्हणून पेटी आतून नासते. हे मास्तरांना ऐकवलं तर असे दुखावले, जणू त्यांनाच लागली.

पेट्यांचं सामान विकणारा दुकानदार म्हणतो, बाजारातला मध द्या. कुठल्या रोगट पोळ्यातला, कोण जाणे. शेवटी बाबांचंच खरं – साधी पांढरी साखर, दोन भाग साखरेला एक भाग पाणी. दाट पाक. तरी दुकानदाराने सुवासिक अर्काची बाटली गळ्यात मारलीच. "दोन थेंब टाका ताई, माश्या धावत येतील."

९ ऑक्टोबर
धावत आल्या! सकाळी भरलेलं भांडं दुपारी चाटूनपुसून साफ.

१३ ऑक्टोबर
दादा आला, हात मागे बांधून आपल्या पेटीची पाहणी केली. गेल्याच महिन्यात त्याने तिच्यातला मध शेवटच्या थेंबापर्यंत काढला. बाटल्यांवर स्वतःचा फोटो! एक आम्हालाही भेट दिलीय.

"मग त्या खाणार काय?" मी विचारलं.

"निसर्ग बघून घेतो. तू फार लाड करतेस. मी तर वसंतापर्यंत झाकणसुद्धा उघडणार नाही."

आळसाला तत्त्वज्ञानाचं झबलं घातलं की आमचा दादा तयार होतो.

२८ ऑक्टोबर
माझ्या पेटीच्या दाराशी काय ती झुंबड! एकमेकींच्या अंगावर चढतात, लोळतात. काही मेलेल्याही दिसतात – म्हाताऱ्या असतील. मी रोज पाक करतेय, हात चिकट ते चिकटच. दादाच्या माश्या आपल्या मुकाट येतात-जातात. उपाशीपोटी उत्साह कुठून येणार?

६ नोव्हेंबर
आई पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "एवढं खातात, मग अंगाला का लागत नाही गं?"

पेटी मागून उचलून पाहिली. रिकाम्या खोक्यासारखी हलकी.

मग बाबांची एक युक्ती केली. पेटीतून बाहेर पडणाऱ्या माश्यांवर पीठ भुरभुरलं आणि पांढऱ्या झालेल्या कुठे जातात ते बघत बसले. लांब बघावं लागलं नाही. ओळीने शेजारच्या पेटीत शिरल्या. दादाच्या!

७ नोव्हेंबर
उघडली. पोळी ओरबाडलेली. तळाशी मेलेल्यांचा थर, राणी त्यातच.

भरदिवसा वासाचा पाक, भांड्याभोवती सांडलवंड, दार सताड उघडं – दवंडी मीच पिटली, आणि दादाच्या भुकेल्या माश्यांनी घर धुऊन नेलं. ती झुंबड म्हणजे मारामारी होती. महिनाभर मी दादाला हसत होते आणि त्याचीच पेटी पोसत होते. शहाणी!

खूप रडले. आई चहा ठेवून गेली.

१० नोव्हेंबर
दादाला फोन केला. सगळी लुटालूट सांगितली. म्हणतो, "हुशार आहेत माझ्या माश्या." दरोडेखोरांचा मुकादम!

१९ जानेवारी
कडाक्याची थंडी. उजवी पेटी मागून उचलून पाहिली. हलकी. कान लावला तर आत बारीक गुणगुण आहे. लुटून नेलेलंही संपलं.

मरू देत मेल्या तर. मग कुणीच जिंकलं नाही, दादाची हिरवळ मोकळीच! दिवसभर हा विचार चघळला. गोड लागला, खोटं कशाला लिहू.

२० जानेवारी
एवढ्या थंडीत पातळ पाक चालत नाही, पेटीत ओल धरते. पिठीसाखर मधात मळून घट्ट गोळा केला, भाकरीसारखा थापून दादाच्या पेटीत चौकटींवर ठेवला, झाकण लावलं. मध त्याच्याच फोटोच्या बाटलीतला. त्यांचा त्यांना परत.

जगल्या तर या अंगणातून जाणार, हे थापतानाही कळत होतं. पण बाबांच्या माश्या आहेत. उपाशी कशा मारू?

११ फेब्रुवारी
आणखी एक गोळा. दादाचा फोन – "झाकण उघडलं नाहीस ना?" म्हटलं, छे.

१६ मार्च
संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर, दादा गाडी घेऊन आला. "बघ आई, एक दाणाही साखर न घालता जगवल्या." मी खाली मान घालून पेटीला दोरी बांधत होते.

आई म्हणाली, "ने की. फक्त पुढच्या थंडीत ही तिकडे येणार नाही साखर थापायला."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग मी बांधलेली दोरी त्यानेच सोडली.