जुलैतला गीझर

प्रिय पर्णिका,

नाही गं बाई, करामातलं आपलं घर अजून बुडालेलं नाही. तू बॅग उचलून अल ऐनला तुझ्या बहिणीकडे गेलीस, त्या दिवसापासून पाइप थेंबभरही गळला नाही. यावरून कुणाल म्हणेल, बघा, मी सांगत होतो ना! त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. तो ऑफिसातून येतो आणि फ्रीज उघडून उभा राहतो, जशी काही तू आत भाजीच्या खणात बसली आहेस. शेजारची रुकय्या तिच्या लेकीकडे तिकडेच निघालीय, तिच्याजवळ हे पत्र देते. फोन केला असता, पण तू 'इट्स ओके, आई' म्हणतेस आणि खलास, सासूचं तोंड बंद.

तर तो पाइप. गीझर बाथरूमच्या खोट्या छताआड, त्याच्या वाल्वला हा ओव्हरफ्लोचा पाइप, आणि कुण्या शहाण्यानं त्याचं तोंड छताआडच सोडलेलं. म्हणून तर छताचा बोर्ड पापडासारखा फुगला. सूर्यकांत प्लंबर दोनदा आला, दोन्ही वेळेला दुपारी. आधी वाल्व बदलला, मग पाइपचा जोड, आणि म्हणाला, काकू, मला तर थेंबही दिसत नाही. तिसऱ्यांदा सकाळी आठच्या आधी आला, स्टुलावर चढला आणि गीझरला हात लावून असा ओरडला, मला वाटलं अंगावर पाल पडली. जुलैत गीझर कोणी लावतं का, म्हणाला. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधीच तापलेलं. ते आणखी तापवलं की फुगतं, वाल्व उघडतो आणि जास्तीचं पाणी पाइपातून बाहेर. म्हणजे बिघाड काहीच नाही. सकाळी कोणीतरी बटण दाबतंय, एवढंच.

संध्याकाळी कुणालनं ठरवूनच टाकलं, डोक्यावरून आंघोळ तू करतेस, बटण तूच विसरतेस. तू म्हणालीस, मी हातही लावला नाही. मग म्हातारीला कळू नये म्हणून दोघं इंग्लिशमध्ये भांडलात. अगं, सातवी शिकलेय मी. स्विच कळतं, लायर कळतं. मी कोथिंबीर निवडत बसले. इतकी बारीक निवडलेली कोथिंबीर ह्या घरात कोणी खाल्ली नसेल. पोटात बाळ असताना, सातव्या महिन्यात असं चिडू नये, एवढं तरी म्हणायचं होतं. तेही म्हणाले नाही.

बटण मी दाबत होते. तुम्ही दोघं सातला निघालात की चालू, आठला बंद. तू गेलीस त्या दिवसापासून मात्र हात लावला नाही. तू खरं बोललीस, पर्णिका. काल जेवताना कुणालला सांगितलं. शनिवारी गाडी घेऊन येतोय, माफी मागायला. लगेच माफ करू नकोस, दुबई दिसेपर्यंत तरी ताणून धर.

पण त्यालाही अर्धंच सांगितलंय. दुखलंखुपलं मी फक्त तुझ्या सासऱ्यांना सांगायचे, ते गेल्यापासून सवयच मोडली. मार्चपासून सकाळी उठले की माझा उजवा हात मनगटापासून मेलेला असतो. चटका बसेल अशा पाण्यात धरला की तासाभरानं बोटं हलतात. दुपारी बरा असतो, म्हणून अक्षर वाचता येतंय तुला. गॅसवर पातेलं ठेवायला काय झालं होतं, असं म्हणशील. ठेवलं होतं. उचलताना सुटलं. पायावरचा तो फोड मी सांगितला तसा इस्त्रीचा नव्हता. तू सगळ्यांना सांगत सुटलीस, बाळाचं काय टेन्शन, आई आहेत ना! ऐकून इतकं गोड वाटायचं की मी गप्प बसले. आता पुढच्या आठवड्यात तू ऑफिसात बाळंतपणाच्या सुट्टीचा कागद देणार, कामावर परत कधी ते लिहून देणार, म्हणून आज लिहिते. गोष्टी सांगेन, गाणी म्हणेन, डाव्या हातानं तेल लावेन. पण बाळाला माझ्या एकटीवर सोडून जाऊ नकोस. माझ्या हातून ते पडेल.

तुझीच,
आई