माझा पिवळा कागद

३ मार्च
साडेक गावच्या इस्पितळात आज रुजू झाले! डॉक्टर खाय स्कॅन बघून बोलतात आणि मी टाइप करते. शेजारच्या टेबलावर लुआताई, वीस वर्षं इथेच. मला बघून म्हणाल्या, पंखा लावला तर उडून जाशील गं, आणि नूडल्सचा वाडगा पुढे सरकवला.

काम सोपं आहे. एरवी एकच पांढरा कागद; कॅन्सर निघाला तर दोन करायचे. पांढरा खरा, तो घरच्यांना. पिवळ्यावर काहीतरी सौम्य, तो पेशंटच्या हातात. आमच्याकडे असंच चालतं. आजोबांनाही आम्ही शेवटपर्यंत अल्सरच सांगितला होता. त्यात वावगं ते काय?

१२ मार्च
पोट दुखत होतं म्हणून डॉक्टरांनी माझाच स्कॅन केला. आतड्यांभोवतीची चरबी सुजली आहे म्हणे. बहुतेक वेळा आपोआप बरी होते. क्वचित तिच्यामागे लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, सापडतो. पण तो खरा संबंध की योगायोग, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. तीन महिन्यांनी परत बघू, म्हणाले.

रिपोर्ट लुआताईंनी टाइप केला. मला दिला तो पिवळा. पांढरे संपलेत गं, असं म्हणून हसल्या. मीही हसले.

१५ मार्च
कपाटात पांढऱ्या कागदांचे तीन गठ्ठे आहेत. विचारलं तर म्हणाल्या, आजच आले. वरच्या गठ्ठ्यावर बोटभर धूळ होती.

१९ मार्च
मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. डॉक्टर खाय कधी कुणाची विचारपूस करत नाहीत. मला आता रोज विचारतात, जेवलीस का. हे काय चाललंय?

२३ मार्च
एका म्हाताऱ्या कोळ्याचे दोन कागद केले. पांढऱ्यावर लिम्फोमा. पिवळ्यावर डॉक्टरांनी सांगितलं ते लिहिलं: पोटातली चरबी सुजली आहे, काळजी नसावी.

माझ्या कागदावर हेच आहे. शब्दन्‌शब्द.

म्हाताऱ्याने कागद घडी करून खिशात ठेवला, मला दोन आंबे दिले.

२६ मार्च
आई आली. न कळवता. मी तिला पोटाचं काहीच सांगितलं नव्हतं. कुणी बोलावलं विचारलं, तर म्हणे सहज आले. सहज! कोंबड्या शेजारणीवर सोपवून?

२७ मार्च
सकाळी उशी घामाने ओलीचिंब. उकाडाच असेल. काखेत गाठीसारखं काहीतरी हाताला लागतंय — आई म्हणाली, घामोळं. नीट बघितलंसुद्धा नाही.

२८ मार्च
आईच्या पिशवीत पांढरा कागद सापडला. माझं नाव. खाली तेच — चरबीची सूज, बाकी काही नाही.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पण कागद नवाकोरा, जणू आजच टाइप केलेला. मी शोधणार हे त्यांना ठाऊक असेल तर — मीसुद्धा असाच खोटा पांढरा केला असता. मग कुठल्या कागदावर —

२९ मार्च
डॉक्टरांना सरळ विचारलं. खरं सांगा. म्हणाले, बस, सांगतो.

मग आईला आत बोलावलं. आधी आईला.

बाकावर बसून लिहितेय. लुआताई माझ्याकडे बघत नाहीयेत. घामाने पेन निसटतंय. मला जगायचंय, खोटं नकोय, औषध द्या, काहीही —

दार उघडलं. आई येतेय. हसतेय. डोळे पुसून, इतकं गोड, की —