आकृतीतली अक्षरं

वहिनी,

मी पहिल्या गाडीनं अंबाजोगाईला, कंप्युटर क्लासमध्ये जातेय. दुपारी परत येईन. तोवर तुमच्या प्रबंधातल्या हृदयाच्या आकृत्या उघडू नका, त्यांतली नावंही पुन्हा टाइप करू नका.

तुमचं काहीच चुकलेलं नाही. कंप्युटरमध्ये जागा उरली नव्हती म्हणून रविवारी मीच काही मराठी फॉन्ट काढून टाकले. मजकुराचा फॉन्ट राहिला, म्हणून तो नीट दिसतो. आकृत्यांमधल्या नावांचा फॉन्ट गेला, म्हणून तिथं 'निलय' या कप्प्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतोय. क्लासच्या सरांकडं तो फॉन्ट आहे. फ्लॉपीवर आणून टाकला की नावं परत येतील. गुरुवारी छपाईला जाताना तीच फ्लॉपी बरोबर न्या, नाहीतर तिथंही असंच दिसेल.

काल दादा सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाला, "जमत न्हाई तर काहून बसतीस त्या कंप्युटरपुढं? राहू दे आता ते शिकणं." तेव्हा मला सगळं माहीत होतं, तरी मी गप्प बसले. अप्पा माझा क्लास बंद करतील याची लई भीती वाटली. तुम्ही न जेवता उठलात, तेही मी बघितलं.

आत्ता निघताना दादाला उठवून खरं सांगितलं. तो उठून बसला. मग म्हणाला, "तिच्याशी मी बोलतो." बोलला नाही तर ही चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवा.

मी परत आल्यावर अप्पांनाही सांगणार आहे. तेव्हा माझ्याजवळ थांबा म्हणायला मला तोंड नाही. पण थांबलात तर बरं वाटेल.

शिवानी